थंडीत गाडी रस्त्यातच बंद पडली तर? वर्धा जिल्ह्यात चारचाकीच्या डिकीत काय असायला हवं

डिसेंबरची पहाट. साडेपाच वाजलेत. आजीला सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायचं म्हणून हिंगणघाटहून गाडी निघाली आहे. वायगावच्या अलीकडे मागचा टायर बसतो. गाडी कशीबशी बाजूला घेतली जाते. बाहेर धुकं इतकं, की रस्त्याकडेच्या बाभळीही दिसत नाहीत. मागून येणाऱ्या ट्रकचा आधी आवाज ऐकू येतो, दिवे बऱ्याच वेळाने दिसतात.

आता डिकी उघडा. काय निघतं? मागच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका, एक रिकामी बाटली, जॅक. पाना मात्र सापडत नाही. स्टेपनी आहे, पण तिच्यात हवा शेवटची कधी भरली ते कुणालाच आठवत नाही. मोबाइल ९ टक्क्यांवर आहे. आजीच्या अंगावर एक पातळ शाल.

थंडीसाठी गाडीत काय ठेवावं, असं इंटरनेटवर शोधलं तर मिळणाऱ्या बहुतेक याद्या बर्फाळ देशांतल्या असतात. त्यात बर्फ उपसायचं फावडं, टायरला बांधायच्या साखळ्या, काचेवरचा बर्फ खरवडायची पट्टी असं सामान असतं. वर्ध्यात यातलं काहीच कामाचं नाही. इथल्या थंडीत गाडी गोठत नाही. इथला धोका वेगळा आहे. रस्त्यात थांबलेली गाडी मागून येणाऱ्याला दिसत नाही. म्हणून इथल्या किटमधलं पहिलं सामान ब्लँकेट नसून 'दिसण्याचं' सामान आहे.

हे किट कसं तयार करायचं, कुठे ठेवायचं आणि वेळ आली की कसं वापरायचं, ते सविस्तर पाहू.

वर्ध्यात हिवाळ्यात नेमकं काय बदलतं?

उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जाणारा हा जिल्हा. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्रीचा पारा अनेकदा १० अंशांच्या आसपास किंवा त्याखाली येतो. रस्त्यावर पाच गोष्टी बदलतात.

१. रात्र मोठी होते. डिसेंबरअखेर सकाळी पावणेसातच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. म्हणजे अंधार जवळपास १३ तास. दवाखाना, लग्न, बाजार, नागपूरचं विमान किंवा ट्रेन, यातला बराच प्रवास अंधारातच होतो.

२. धुकं पडतं. वर्धा, धाम, वेणा, यशोदा या नद्यांच्या काठाला, तलावांजवळ आणि ओलीत केलेल्या गहू-हरभऱ्याच्या शेतांलगत पहाटे धुकं साचतं. हवामानशास्त्रात १,००० मीटरपेक्षा कमी अंतरावरचं दिसत असेल तर त्याला धुकं म्हणतात. २०० मीटरच्या आत आलं की दाट आणि ५० मीटरच्या आत आलं की अतिदाट. ते सगळीकडे सारखं नसतं, हीच अडचण आहे. चार किलोमीटर लख्ख रस्ता आणि पुलाजवळ अचानक पांढरी भिंत.

३. कापसाचा हंगाम असतो. हिंगणघाट, सेलू, पुलगाव, देवळीच्या बाजाराकडे आणि जिनिंगकडे कापसाच्या गाड्या रात्रीपासूनच निघतात. ट्रॅक्टर-ट्रॉली, मेटाडोर आणि अजूनही काही बैलगाड्या. ट्रॉलीला मागचा लाल दिवा असेलच असं नाही. असला तरी बाहेर आलेल्या कापसाखाली तो झाकला जातो.

४. जनावरं रस्त्यावर येतात. रब्बीची पिकं उभी असतात, त्यामुळे रोही आणि रानडुकरांचे कळप रात्री शेताकडे येतात. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आजूबाजूच्या रस्त्यांवर तर जास्तच काळजी घ्यावी लागते.

५. बॅटरी आणि टायर दगा देतात. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला जास्त जोर लागतो. विदर्भात यात आणखी एक भर पडते. बॅटरीचं आयुष्य खरं तर उन्हाळ्यातल्या उष्णतेनं घटलेलं असतं. ते उघडकीला येतं डिसेंबरच्या पहाटे. टायरचंही तसंच. तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण दीड ते दोन पीएसआयने कमी भरते. दुपारी ठीक वाटलेला टायर पहाटे मऊ लागतो तो त्यामुळे.

दोन अपघात, दोन धडे

२४ जानेवारी २०२२ च्या रात्री देवळीकडून येणारी एक कार सेलसुऱ्याजवळ पुलावरून खाली कोसळली. गाडीतले सातही जण गेले. सगळे सावंगीच्या मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी होते. पंतप्रधानांनी मृतांच्या नातेवाइकांसाठी प्रत्येकी २ लाखांची मदत जाहीर केली होती. वर्ध्यात त्या पुलाचा विषय निघाला की आजही लोक गप्प होतात.

अशा अपघातात डिकीतलं किट काही करू शकत नाही. तिथे उपयोगी पडतो कमी वेग, मागच्या सीटवरच्यांनीही लावलेला बेल्ट आणि रात्रीचा टाळलेला प्रवास. किट ही सावधपणाची जागा घेत नाही. सगळं सांभाळूनही गाडी थांबलीच, तर पुढचा अपघात टाळण्यासाठी ते असतं.

दुसरा अपघात समृद्धी महामार्गावरचा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटली आणि पेटली. २५ जणांचा मृत्यू झाला. त्यात वर्धा जिल्ह्यातलेही प्रवासी होते. महिना हिवाळ्याचा नव्हता, पण धडा बाराही महिने लागू आहे. गाडी उलटली, दार अडकलं, तर काच फोडायला हाताशी काय आहे? अशा वेळी मिनिटं नसतात, सेकंद असतात.

या दोन घटना लक्षात ठेवून किटचे पाच भाग करता येतात: दिसण्यासाठी, बाहेर पडण्यासाठी, गाडीसाठी, माणसांसाठी आणि संपर्कासाठी.

भाग १: दिसण्यासाठी

लाल त्रिकोण. चेतावणी देणारा चमकणारा त्रिकोण. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नवीन चारचाकीसोबत तो मिळायला हवा. अनेकांच्या गाडीत तो असतोही, पण प्लास्टिकच्या पिशवीतून कधी निघालेलाच नसतो. एकदा घरासमोर उघडून, जोडून, उभा करून पाहा. अंधारात गार पडलेल्या बोटांनी तो पहिल्यांदा जोडायला जमत नाही.

तो ठेवायचा किती लांब? थोडं गणित करू. समोर काही दिसलं की पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. त्यात कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबायचं अंतर मिळवलं, तर कारला लागणारी जागा अंदाजे अशी:

- ताशी ६० किमी वेग: ४५ मीटर
- ताशी ८० किमी वेग: ७० मीटर
- ताशी १२० किमी वेग: १३० मीटर

दवाने ओला झालेला रस्ता, झिजलेले टायर किंवा भरलेला ट्रक असेल तर हे अंतर आणखी वाढतं. म्हणून त्रिकोण गाडीला चिकटून ठेवण्यात अर्थ नाही. साध्या दुपदरी रस्त्यावर तो किमान ५० मीटर मागे हवा. हे अंतर मोठ्या माणसाच्या ६५ ते ७० पावलांचं. चौपदरी महामार्गावर १०० मीटर किंवा जास्त. वळण, चढाव किंवा पूल असेल तर त्याच्या अलीकडे, म्हणजे येणाऱ्याला आधी त्रिकोण दिसेल आणि मग गाडी.

रेडियमचं जॅकेट. रस्त्यावर काम करणारे मजूर घालतात ते पिवळं किंवा केशरी जॅकेट. काहीशे रुपयांत मिळतं. किमान दोन घ्या. आणि ते डिकीत ठेवू नका, पुढच्या दाराच्या कप्प्यात ठेवा, कारण ते गाडीतून उतरण्याआधी घालायचं असतं. काळा स्वेटर किंवा करड्या शालीतला माणूस धुक्यात जवळजवळ अदृश्य असतो.

टॉर्च. मोबाइलचा टॉर्च हा टॉर्च नव्हे. बॅटरी वाचवायची असते तेव्हाच तो पेटवावा लागतो आणि एक हात अडकतो. डोक्याला बांधायचा टॉर्च सगळ्यात बरा. शेतात रात्री ओलितासाठी जाणाऱ्यांकडे तो असतोच.

रेडियम पट्टी. लाल रंगाची चिकटपट्टी डिकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावून ठेवा. डिकी उघडली की गाडीचे मागचे दिवे काही मॉडेलमध्ये वर जातात, मागून ते दिसत नाहीत. तेव्हा ही पट्टी कामाला येते. घरी ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा बैलगाडी असेल तर उरलेली पट्टी तिच्या मागच्या फळीला लावा. याहून स्वस्त सुरक्षा दुसरी नाही.

भाग २: बाहेर पडण्यासाठी

काच फोडायची हातोडी आणि बेल्ट कापायचं पातं. दोन्ही एकाच छोट्या अवजारात मिळतात. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. बाजूच्या खिडकीची काच बहुतेक गाड्यांत टणक केलेली असते, टोकदार घाव बसला की तिचा चुरा होतो. समोरची काच दोन थरांमध्ये चिकट पडदा घालून केलेली असते, ती तडकते पण निघत नाही. म्हणून घाव घालायचा तो बाजूच्या काचेवर, मधोमध नाही तर कोपऱ्याजवळ. आणि ही हातोडी ड्रायव्हरचा हात पोचेल तिथेच हवी. डिकीतली हातोडी असून नसल्यासारखी.

अग्निशामक. १ किलोचा, आयएसआय खूण असलेला, पावडरचा. पुढच्या सीटखाली पट्ट्याने घट्ट बसवलेला. सुटा ठेवला तर जोराचा ब्रेक लागताच तोच अंगावर येईल. मीटरचा काटा हिरव्या भागात आहे का, हे अधूनमधून पाहायचं. या छोट्या सिलिंडरची पावडर जेमतेम ८ ते १० सेकंद पुरते. त्यामुळे क्रम असा: आधी इंजिन बंद, मग सगळे बाहेर, मग आग लहान असेल तरच ज्वाळेच्या बुडाशी फवारा. बॉनेटमधून धूर येत असेल तर ते सताड उघडू नका. हवा मिळाली की आग भडकते. फवाऱ्याने विझली नाही तर गाडी सोडून लांब जा.

भाग ३: गाडीसाठी

- स्टेपनी, जॅक, पाना. तिन्ही एकत्र आहेत का ते पाहा. नव्या काही गाड्यांत लहान आकाराची स्टेपनी येते. ती ताशी ८० किमीच्या वर पळवायची नसते. काही गाड्यांत स्टेपनीच नसते, फक्त पंक्चर दुरुस्तीचं किट असतं. आपल्या गाडीत काय आहे, ते आजच बघा.
- हवा भरायचा छोटा पंप. गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालतो. हळूहळू हवा जाणाऱ्या टायरला जवळच्या गावापर्यंत न्यायला पुरतो.
- जंपर केबल. जाड तारेची घ्या. जोडायचा क्रम: लाल चिमटा बंद बॅटरीच्या प्लसला, लाल चिमटा चालू बॅटरीच्या प्लसला, काळा चिमटा चालू बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचा काळा चिमटा बंद गाडीच्या इंजिनजवळच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. काढताना उलट क्रम. गाडी इलेक्ट्रिक किंवा हायब्रीड असेल तर आधी कंपनीचं पुस्तक वाचा.
- टो करायचा पट्टा. नुसती नायलॉनची दोरी तुटते आणि चाबकासारखी उलटते.
- जुनं सुती कापड. काच आतून पुसायला. काचेवर आतून वाफ धरली तर एसी सुरू करून गरम हवा समोरच्या काचेवर सोडा, मिनिटभरात साफ होते.
- हातमोजे, फ्यूज, चिकटपट्टी आणि एक विटेचा तुकडा किंवा लाकडी ओंडका. चाकाला उटी लावायला.

भाग ४: माणसांसाठी

गाडीत असतो तोवर थंडी जाणवत नाही. इंजिन बंद होऊन अर्धा तास झाला की जाणवते. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी माणसाला आधी. आणि वर्धा जिल्ह्यातला पहाटेचा बराचसा प्रवास आजारी माणसाला घेऊनच होतो. सेवाग्राम आणि सावंगीच्या दवाखान्यांत यवतमाळ, चंद्रपूरकडूनही लोक येतात.

- दोन जाड चादरी किंवा एक घोंगडी. घोंगडी ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते.
- कानटोपी, मोजे. दुपट्टा तर इथे प्रत्येकाकडे असतोच. कान बांधायला, जखम दाबायला, हात झोळीत घ्यायला तोच चालतो.
- माणशी किमान एक लीटर पाणी.
- टिकणारा खाऊ: गूळ-शेंगदाणे, फुटाणे, चिवडा किंवा वर्ध्याचा गोरसपाक. मधुमेह असलेल्यांसाठी साखरेचं काहीतरी हाताशी हवंच.
- घरातल्या माणसाच्या रोजच्या गोळ्या एका दिवसापुरत्या, सोबत चिठ्ठीची झेरॉक्स.
- प्रथमोपचार पेटी: निर्जंतुक गॉज, रुंद पट्ट्या, चिकटपट्टी, जंतुनाशक, कात्री, हातमोजे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घेऊन जखमेवर घट्ट दाबून धरा, सारखं उचलून पाहू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. मानेला मार लागल्याची शंका असेल आणि आग किंवा दुसऱ्या गाडीचा धोका नसेल, तर माणसाला हलवू नका.

इथे एक गंभीर सूचना. थंडी वाजते म्हणून सगळ्या काचा बंद करून इंजिन आणि हिटर तासन्‌तास चालू ठेवू नका. सायलेन्सर गळत असेल किंवा त्याचं तोंड माती-गवतात अडकलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. हिटर लावायचाच तर दहा मिनिटं लावा, काच थोडी खाली ठेवा, मग बंद करा. गाडीत निखारे, शेगडी कधीच नको. गाडीला लागून शेकोटीही नको, पेट्रोल कुठे गळतंय ते अंधारात दिसत नाही.

भाग ५: संपर्कासाठी

पॉवर बँक, गाडीतला चार्जर आणि केबल. त्यासोबत एक कागद. हो, कागदच. घरच्यांचे दोन नंबर, विमा कंपनीच्या मदतसेवेचा नंबर, ओळखीच्या मेकॅनिकचा नंबर आणि प्रत्येकाचा रक्तगट त्यावर लिहा. फोन बंद पडला की पाठ असलेले नंबर किती, हे तेव्हा कळतं.

- ११२: पोलीस, आग, कुठलीही आपत्कालीन मदत
- १०८: रुग्णवाहिका
- १०३३: राष्ट्रीय महामार्गांवरची मदत

वर्धा जिल्ह्यातून जाम-हिंगणघाटचा राष्ट्रीय महामार्ग ४४, कारंजा-तळेगावचा ५३ आणि वर्धा-देवळी-यवतमाळचा ३६१ जातात. तिथे १०३३ लागू आहे. समृद्धी महामार्ग मात्र राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे आणि त्याची हेल्पलाइन वेगळी आहे. येळाकेळी किंवा विरूळला चढताना पाटीवरचा नंबर पाहून ठेवा. गाडी चालवणाऱ्याने नाही, शेजारी बसलेल्याने फोटो काढायचा.

फोनवर ठिकाण कसं सांगायचं, हेही महत्त्वाचं. 'वर्धा रोडवर आहे' एवढ्यावरून कुणी सापडत नाही. किलोमीटरचा दगड किंवा पाटीवरचा आकडा, कुठल्या बाजूला तोंड आहे (नागपूरकडे की यवतमाळकडे) आणि शेवटचं ओलांडलेलं गाव, या तीन गोष्टी सांगा.

गाडी थांबली. पहिली पाच मिनिटं काय करायचं?

१. वेग कमी होत असतानाच डावा इंडिकेटर देऊन गाडी जमेल तितकी रस्त्याच्या बाहेर घ्या. पुलावर, वळणावर थांबू नका. टायर बसला असला तरी हळूहळू शंभर मीटर पुढे नेलेली बरी. रिम खराब झाली तरी चालेल.

२. चारही इंडिकेटर एकत्र लुकलुकतात तो हॅझर्ड लाइट लावा. तो थांबलेल्या गाडीसाठी आहे. चालत्या गाडीत धुकं आहे म्हणून लावला तर मागच्याला तुम्ही वळताय की थांबलात तेच कळत नाही.

३. जॅकेट घाला. उतरायचं ते डाव्या दाराने.

४. सगळ्यांना रस्त्यापासून दूर उभं करा. लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडे. गाडीच्या मागे किंवा पुढे उभं राहायचं नाही, मागून धडक बसली तर तीच जागा सगळ्यात वाईट.

५. एका माणसाने त्रिकोण समोर धरून, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेने मागे जायचं आणि तो ठेवून यायचं. समृद्धीसारख्या वेगवान रस्त्यावर, दाट धुक्यात, चालायला सुरक्षित कडा नसेल तर हे धाडस करू नका. कठड्यापलीकडे जा आणि फोन करा. त्रिकोणासाठी जीव द्यायचा नसतो.

६. मगच मदतीचा फोन आणि मग घरचा.

याला एक अपवाद आहे. जंगलातल्या साध्या रस्त्यावर गाडी पूर्ण बाहेर घेता आली असेल आणि आग-धुराचा धोका नसेल तर आतच थांबा. बेल्ट लावून, दिवे चालू ठेवून. जखमी रोही किंवा डुकराजवळ जाऊ नका.

चाक बदलायचं की नाही? गाडी रस्त्यापासून पुरेशी लांब असेल तरच. उजव्या बाजूचा टायर असेल आणि पाठ रस्त्याकडे येणार असेल तर क्रेन येईपर्यंत थांबलेलं बरं.

दुसऱ्याची गाडी थांबलेली दिसली तर?

'मदत केली तर पोलीस आपल्यालाच अडकवतील' ही भीती अजून गेलेली नाही. कायदा मात्र बदलला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं. सद्‌भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगायची सक्ती करता येत नाही. दवाखान्यातही त्याला अडवून ठेवता येत नाही.

अपघातानंतरचा पहिला तास, ज्याला कायद्यातही 'गोल्डन अवर' म्हटलं आहे, त्यात जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला केंद्राच्या योजनेतून मिळणारं बक्षीस २०२५ मध्ये ५,००० वरून २५,००० रुपये झालं. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांसाठी रोखरहित उपचारांची योजनाही लागू झाली आहे. ठरवून दिलेल्या रुग्णालयांत, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, प्रतिव्यक्ती दीड लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. 'पैसे कोण भरणार' या विचारात वेळ घालवायची गरज नाही.

मदतीला थांबताना आपली गाडी त्यांच्या मागे चिकटवून उभी करू नका. पुढे, रस्त्याबाहेर लावा. नाहीतर धुक्यात एकाऐवजी दोन गाड्या न दिसणाऱ्या होतात.

किट कुठे ठेवायचं, कधी तपासायचं?

हातोडी, जॅकेट, टॉर्च, अग्निशामक, कागद: सीटजवळ. बाकी सगळं एका जाड पिशवीत, डिकीत सामानाच्या सगळ्यात वर. स्टेपनीखाली गाडलेला त्रिकोण काढायला आधी सगळ्यांच्या बॅगा रस्त्यावर काढाव्या लागतात.

तपासायला दोन मुहूर्त पुरेत. दिवाळीच्या साफसफाईत गाडीही काढा, टॉर्चचे सेल बदला, स्टेपनीत हवा भरा, बॅटरी तपासून घ्या. होळीला पिशवी पुन्हा उघडा आणि पॉवर बँक, औषधं, खाऊ घरात न्या. वर्ध्याच्या उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते. त्यात पॉवर बँक धोकादायक ठरते आणि औषधं निकामी होतात. त्रिकोण, जॅकेट, हातोडी मात्र बाराही महिने गाडीतच.

सगळं एकदम घेणं जमत नसेल तर या आठवड्यात फक्त तीन गोष्टी करा: त्रिकोण पिशवीतून काढून उभा करून पाहा, दोन रेडियम जॅकेट आणा आणि स्टेपनीत हवा भरा. वायगावच्या अलीकडे धुक्यात थांबलेल्या त्या गाडीला सगळ्यात आधी याच तीन गोष्टी हव्या होत्या.